घर घेताना कोणाला विचारावे?

जुमुआच्या नमाजनंतर मशिदीत इमामाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे: गृहकर्ज घेतले तर चालेल का? विचारणारा बहुधा तिशीतला, शिकलेला, नोकरी करणारा आणि भाड्याच्या घरांना कंटाळलेला असतो. दोन-चार मिनिटे बोलणे झाल्यावर असे लक्षात येते की, सदनिका पाहून झाली आहे, बयाणा दिला गेला आहे आणि बँकेच्या अर्जावर सह्याही झाल्या आहेत. म्हणजे या व्यवहारात त्याला प्रथम भेटला तो बिल्डरच्या कार्यालयातील विक्रेता, नंतर कर्ज मिळवून देणारा एजंट आणि सर्वांत शेवटी इमाम. वकील तर भेटलेलाच नसतो. आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार, आणि विचारण्याचा क्रम मात्र पूर्णपणे उलटा.

व्याजाच्या निषिद्धतेविषयी येथे विस्ताराने लिहावयाचे नाही. सूरह अल्-बकराच्या २७५ ते २७९ या आयतींमध्ये व्याजाविषयी जी कठोर ताकीद आहे, तिच्या अर्थाबद्दल उम्मतमध्ये दुमत नाही. सहीह मुस्लिममधील आदरणीय जाबिर (र.) यांच्या रिवायतीनुसार प्रेषितांनी (स.) व्याज घेणाऱ्यासोबत व्याज देणारा, तो व्यवहार लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार यांनाही दोषात सामील केले आहे. आपल्या देशात इस्लामी बँकिंगसाठी कायदा नाही. परंपरागत बँकांत व्याजमुक्त विभाग उघडण्याचा प्रस्तावही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बाजूला ठेवला. अशा परिस्थितीत घर घ्यावयाचे तर कोणता मार्ग धरावा, ही खरी अडचण आहे आणि ती खोटी ठरवून चालणार नाही. परंतु त्या अडचणीतून वाट दाखवणारा माणूस कसा निवडावा, हाही दीनचाच प्रश्न आहे. त्याच्याकडे आपण फारच कमी लक्ष देतो.

प्रेषितांनी (स.) सल्ला देणाऱ्याला अमानतदार म्हटले आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी ही हदीस नोंदवली आहे. ज्याच्याकडे आपण आपली मिळकत, कर्जे, पत्नीचे दागिने, वडिलांच्या घरातील हिस्सा असे सर्व काही उघड करतो, त्याच्या हाती आपण एक ठेव देत असतो. ही ठेव कोणाकडे द्यावी, याचा निकष सूरह अल्-कससमध्ये मदयनच्या त्या मुलीच्या मुखातून आला आहे. तिने आपल्या पित्याला मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्यास सुचवले आणि कारणे दोनच दिली: ते समर्थ आहेत आणि विश्वासू आहेत. सामर्थ्य म्हणजे त्या कामाची जाण. विश्वासूपणा आहे पण जाण नाही, असा सल्लागार सद्भावनेने बुडवतो. जाण आहे पण विश्वासूपणा नाही, तो हिशोबाने बुडवतो.

या दोन गुणांत धर्मबंधुत्वाचा उल्लेख नाही, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. हिजरतच्या वेळी प्रेषितांनी (स.) आणि आदरणीय अबू बक्र (र.) यांनी बनू दील या कबिल्यातील एका वाटाड्याला मोबदला ठरवून घेतले. तो तेव्हा कुरैशच्याच धर्मावर होता, असे सहीह बुखारीत स्पष्ट आले आहे. आपल्या दोन्ही सांडण्या त्याच्या स्वाधीन केल्या आणि तीन रात्रींनंतर सौरच्या गुहेपाशी येण्याचे ठरवले. कुरैशचे लोक मागावर असताना हा विश्वास टाकला गेला, कारण तो वाळवंटाच्या वाटांचा जाणकार होता आणि शब्दाला जागणारा होता. म्हणून मालमत्तेचे कागद तपासण्यासाठी शेजारच्या पेठेतील कुलकर्णी वकील अधिक जाणकार आणि सचोटीचे असतील, तर त्यांच्याकडे जाण्यात कसलाही संकोच नको.

याची उलट बाजूही पाहिली पाहिजे. ‘हलाल’ हा शब्द, दाढी-टोपी, कार्यालयातील कुरआनी आयतींची तसबीर, हे सामर्थ्याचे पुरावे नव्हेत, विश्वासूपणाचेही नव्हेत. २०१९ च्या जून महिन्यात बंगळूरची आयएमए ही ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून प्रसिद्ध झालेली कंपनी कोसळली. हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी तिच्यात अडकली आणि कंपनीचा संस्थापक देश सोडून गेला. पुढे त्याला अटक झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या ठेवीदारांनी व्याज टाळण्यासाठीच तेथे पैसे ठेवले होते. त्यांचा हेतू शुद्ध होता, परंतु त्यांनी कोणाला विचारले? ज्यांना त्या कंपनीच्या वाढीत रस होता, त्यांनाच. तेव्हा कोणी ‘शरीअतनुसार घरासाठी वित्त’ देऊ करीत असेल, तर संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, लेखापरीक्षित ताळेबंद कोठे पाहावयास मिळेल, करार कोणत्या स्वरूपाचा आहे, कोणत्या मुफ्तींनी तो वाचून लेखी मत दिले आहे, हे विचारावे. उत्तर देताना समोरचा रागावला, तर उठून यावे.

आता एजंटविषयी. गृहकर्ज मिळवून देणारा जो मनुष्य घरी येऊन, चहा घेऊन, मोफत सल्ला देतो, तो बहुतेक वेळा बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा विक्री प्रतिनिधी असतो. त्याचा मोबदला आपण देत नाही. कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात तो बँक देते. वकिलाला सनद लागते, सनदी लेखापालाला त्यांच्या संस्थेचे सदस्यत्व लागते, मालमत्ता विकणाऱ्या दलालालाही महारेराची नोंदणी घ्यावी लागते. कर्जाचा सल्ला देणाऱ्याला मात्र अशी स्वतंत्र सनद नाही. कोणीही ‘सल्लागार’ असे कार्ड छापू शकतो. शरीअतने दलाली निषिद्ध ठरवलेली नाही. इब्न सीरीन, अता, इब्राहीम नखई आणि हसन बसरी या ताबिईंनी दलालाच्या मोबदल्यात काही वावगे मानले नाही, असे इमाम बुखारी यांनी नमूद केले आहे. अर्थात ज्या व्यवहाराची दलाली, त्या व्यवहाराचा हुकूम दलालीलाही लागतो. दलाल ठरवलेल्या मोबदल्यात कोणाचे काम करतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असले पाहिजे. जो बिल्डरकडून घेतो, बँकेकडून घेतो आणि ग्राहकाला ‘भाईजान, तुमच्यासाठीच करतोय’ असे सांगतो, त्याने अमानत मोडली. त्याला पहिल्याच भेटीत सरळ विचारावे: या कामाचे पैसे तुम्हाला कोण देते, किती देते, आणि मी कर्ज घेतलेच नाही तर तुम्हाला काय मिळते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर कर्ज घेऊ नका असा सल्ला त्याच्याकडून कधीही येणार नाही, हे समजून घ्यावे. तो माणूस वाईट आहे असे नव्हे. त्याचे पोटच त्या होकारावर आहे.

अशा सल्ल्यातून काय निसटते, याचा एक हिशोब पाहू. तीस लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. एजंट म्हणतो, ‘हप्ता जड वाटतो? मुदत पंचवीस वर्षे करून देतो.’ हप्ता २४,१५७ रुपयांवर येतो. महिन्याला १,८७८ रुपये वाचल्याचा आनंद होतो. परंतु वीस वर्षांत व्याजापोटी जे सुमारे साडेबत्तीस लाख जाणार होते, ते आता साडेबेचाळीस लाखांच्या घरात जातात. मूळ कर्जाहून अधिक रक्कम दोन्ही वेळा केवळ व्याजाची आहे, आणि मुदतीच्या एका वाक्याने तिच्यात जवळजवळ दहा लाखांची भर पडली. जो सल्लागार हा आकडा स्वतःहून कागदावर मांडून दाखवत नाही, त्याला सल्लागार म्हणू नये. ज्यांना मुफ्तींनी मजबुरीत सवलत दिली आहे, त्यांनाही हे लागू आहे; कारण मजबुरीतली सवलत मजबुरीच्या मापानेच वापरावयाची असते, हा फिक्हचा प्रसिद्ध नियम आहे. कर्ज जितके लहान आणि मुदत जितकी आखूड, तितकी ती सवलत आपल्या मर्यादेत राहते. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडताना व्यक्तिगत कर्जदाराकडून दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही एजंट क्वचितच सांगतो.

कागद वाचण्याच्या बाबतीत सूरह अल्-बकराची २८२ वी आयत, जी कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, आपल्याला एक विलक्षण गोष्ट शिकवते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा देताना मजकूर सांगण्याचा अधिकार तिने धनकोला नव्हे, ऋणकोला दिला आहे. ज्याच्यावर देणे आहे, त्याने सांगावे आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. ऋणको दुर्बल किंवा असमर्थ असेल, तर त्याच्या हितरक्षकाने न्यायाने सांगावे. आज काय घडते? एजंट पेन्सिलने फुल्या करून ठेवतो आणि ऋणको त्या फुल्यांवर चाळीस सह्या करतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे ठळक अटींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्के धरून वार्षिक खर्च किती पडतो हे त्यात लिहावे लागते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. ते मराठीत मागावे. कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा विमा त्यात कोठे आहे, तेही पाहावे. ज्याला हे पत्रक वाचता येत नाही, त्याने आयतीत सांगितलेला तो हितरक्षक शोधावा. तो सनदी लेखापाल असेल, निवृत्त बँक अधिकारी असेल किंवा घरातील वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली मुलगीही असेल.

यापुढे वकिलाचा प्रश्न येतो आणि येथे सर्वाधिक गैरसमज आहेत. ‘बँकेने कागद तपासले आहेत, मग वेगळा वकील कशाला?’ असे बहुतेक जण म्हणतात. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. बँकेचे कर्ज वसूल होईल इतपत तारण पक्के आहे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न असतो. आपल्या नातवंडांपर्यंत हे घर निर्वेध राहील का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो आणि त्याचा अहवालही बहुधा आपल्या हाती पडत नाही. म्हणून आपला वकील वेगळा असावा आणि त्याची फी आपण द्यावी. बिल्डरने सुचवलेला वकील नको, एजंटच्या ओळखीचा तर नकोच.

या संदर्भात एक कटू गोष्ट लिहावी लागते. व्याज टाळण्यासाठी आपल्यातील अनेक कुटुंबे बँकेच्या दारी जातच नाहीत. गावाकडची जमीन, आखाती देशांतील कमाई, सासरचा हातभार असे सर्व एकत्र करून ते रोखीने घर घेतात. हा निर्धार वंदनीय आहे. परंतु बँक नको म्हणताना कागदांची तपासणीही सुटते, आणि ज्या इमारतींना कोणतीही बँक कर्ज देत नाही, अशाच इमारतींत स्वस्त म्हणून ही पुंजी जाते. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्यानजीक शीळ भागात बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली, तेव्हा सत्तरहून अधिक जीव गेले. व्याजापासून वाचलेल्या माणसाला वकिलाची गरज कर्जदारापेक्षा अधिक आहे, कारण त्याच्यासाठी दुसरे कोणीही कागद पाहणार नाही. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध, महारेराची प्रकल्प नोंदणी हे सर्व आपल्या वकिलाने पाहून लेखी द्यावे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ज्याच्याकडे अर्धी रक्कम ‘विश्वासावर’ मागितली जाते, त्याने हा एक नियम जरी लक्षात ठेवला तरी पुरे.

जुने घर किंवा वडिलोपार्जित जमिनीवरील घर घेताना वकील मुस्लिम वारसा जाणणारा हवा. पुष्कळ वकिलांना हिंदू वारसा कायद्याची सवय असते. आपल्याकडे जन्माने कोणी वारस होत नाही, मृत्यूनंतरच हिस्से उघडतात आणि त्यांत मुलींचे, विधवेचे आणि हयात असल्यास आईचे हिस्से कुरआनने ठरवलेले आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. सातबाऱ्यावर तीन भावांचीच नावे आहेत, म्हणून तीन सह्या पुरे, असे ते सांगतात. चौथ्या पिढीत एखाद्या आत्याचा नातू न्यायालयात उभा राहतो. आणि न्यायालयात कोणी उभे राहिले नाही, तरी एका बहिणीचा न दिलेला हिस्सा त्या भिंतींत राहतोच. ‘तिने हक्क सोडला आहे’ असे विक्रेता म्हणत असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे, आणि ती हयात असेल तर तिच्याशी समक्ष बोलावे. मोबदल्याविना, लाजेपोटी किंवा माहेर तुटेल या भीतीपोटी दिलेली सही कायद्याला पुरेल. ती खऱ्या रजामंदीची आहे की नाही, हा प्रश्न उरतो.

आता मुफ्तींकडे वळू. प्रवासात डोक्याला जखम झालेल्या एका माणसावर गुस्ल वाजिब झाला, तेव्हा सोबत्यांनी त्याला तयम्मुमची सवलत नाही असे सांगितले; त्याने पाणी घेतले आणि त्याचा मृत्यू झाला. प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले आणि माहीत नव्हते तर विचारले का नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. अबू दाऊदमधील या हदीसचा रोख विचारणाऱ्यावर नाही, उत्तर देणाऱ्यावर आहे. गृहकर्जाच्या बाबतीत दोन प्रकारची घाईची उत्तरे दिली जातात. एक: ‘आजकाल सगळेच घेतात, चालते.’ दुसरे: ‘हराम आहे,’ आणि पुढे पाठ. पहिले दीनला हलके करते, दुसरे माणसाला एजंटच्या हाती सोडून देते.

योग्य मुफ्ती उत्तर देण्यापूर्वी विचारतात. आता कोठे राहता? भाडे किती? घरमालक काढतो आहे का? घरात म्हातारे, आजारी कोण? गावाकडे घर आहे का? नातलगांकडून कर्जे हसना मिळेल का? बिल्डर ठरलेल्या एकाच किमतीत हप्त्यांनी देईल का? हप्त्यांनी घेताना रोखीपेक्षा किंमत अधिक असली, तरी ती करारावेळीच निश्चित झाली आणि उशिरासाठी वाढत नसली, तर बहुसंख्य फुकहा तिला वैध मानतात. या वाटेकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण ती कोणत्याही एजंटच्या यादीत नसते. इब्न नुजैम यांच्या ‘अल्-अश्बाह वन्-नजाइर’ या हनफी ग्रंथात गरजवंताला व्याजी कर्जाची मुभा असल्याचा उल्लेख आहे. त्याचा आधार अनेक जण घेतात, परंतु गरजवंत कोण, हे ठरवणे स्वतः गरजवंताच्या हाती सोपवलेले नाही. दुसरी सदनिका गुंतवणुकीसाठी घेणारा गरजवंत नव्हे. कोकणातील आपले बांधव शाफई आहेत, देशावरील बहुसंख्य हनफी. ज्याने त्याने आपल्या मसलकच्या दारुल-इफ्ताकडे लेखी प्रश्न पाठवावा आणि सोबत कराराची प्रत जोडावी. कागद न पाहता करारावर दिलेले मत हे रुग्ण न पाहता दिलेल्या औषधासारखे आहे. आणि वैद्यकाची जाण नसताना उपचार करणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) नुकसानीची जबाबदारी टाकली आहे. मशिदीच्या इमामानेही हे ध्यानात ठेवावे. सातबारा वाचणे हे माझ्यासारख्याचे काम नव्हे, आणि मजबुरीचा निर्णय देणे हे वकिलाचे काम नव्हे.

सचोटीचा सल्ला कसा असतो, याचे एक उदाहरण इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात दिले आहे. आदरणीय जरीर बिन अब्दुल्लाह (र.) यांच्या सेवकाने त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमना ठरवला. जरीर (र.) यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, याची किंमत अधिक आहे. ते वाढवत गेले आणि आठशे दिरहमना तो घेतला. कारण त्यांनी प्रत्येक मुस्लिमाचे हित पाहण्याची बैअत केली होती. ग्राहक स्वतःच विक्रेत्याचा सल्लागार झाला! असा माणूस आज मिळणे दुर्मिळ आहे. पण ज्याला स्वतःचे नुकसान सोसून ‘हे घर घेऊ नका’ असे म्हणता येते, तो त्या वाटेवरचा आहे. जमातीत चौकशी करताना, त्याने किती जणांना कर्ज मिळवून दिले हे विचारू नये. त्याने कोणाला कधी परत पाठवले का, हे विचारावे.

सल्लामसलतीला पत्नीलाही सोबत न्यावे. तिच्या पगारातून हप्ते जाणार असतील किंवा तिचे मेहरचे दागिने मोडले जाणार असतील, तर ती रक्कम देणगी आहे, कर्ज आहे की भागीदारी, हे आधी ठरवून लिहावे. पुढे घटस्फोट किंवा मृत्यू झाल्यावर हा प्रश्न इमामाकडे येतो, तेव्हा उत्तर देण्यासाठी कागदच नसतो.

कर्ज कोणतेही असो, बँकेचे, भावाचे वा बिल्डरचे, त्याची नोंद वसीयतसोबत घरात ठेवावी. सूरह अन्-निसामध्ये वारसांच्या हिश्शांआधी कर्जफेड ठेवली आहे, आणि कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढवण्यास प्रेषित (स.) पुढे झाले नाहीत, तोवर अबू कतादा (र.) यांनी ते देणे आपल्यावर घेतले. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करणे बँकेला बंधनकारक आहे. बँकेकडून उशीर झाला तर दररोज पाच हजार रुपये भरपाई मिळते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. ही भरपाई मागण्यासाठी अर्ज आपल्या वकिलाकडून लिहून घ्यावा. ती रक्कम घेणे वैध की नाही, हे मात्र मुफ्तींना विचारावे.